पन्नाशीनंतरचा लेवी

शास्त्रपाठ : गणना ८:२३-२६



सेवानिवृत्तीविषयी पवित्र शास्त्रात फारसे आढळत नाही. शेतकरी व मेंढपाळ हातपाय चालेपर्यंत राबत. एका वर्गाला मात्र देवाने स्वतः निवृत्तीचे वय नेमून दिले, तो म्हणजे लेवी. ५० वर्षे पुरी झाली की लेव्याने मंडपाच्या कष्टाच्या कामातून मोकळे व्हावे, मात्र पहाऱ्याच्या कामी बांधवांना साहाय्य करावे, असा नियम होता.

ते काम हलके नव्हते. मुक्काम हलला की फळ्या, खांब, उथळ्या, पडदे सारे न्यावयाचे. मरारी वंशाला ४ गाड्या व ८ बैल मिळाले, गेर्षोन वंशाला २ गाड्या व ४ बैल. कहाथ वंशाला एकही नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यावयाच्या होत्या. हे ओझे देवाने उतारवयाच्या खांद्यावर ठेवले नाही. पण म्हाताऱ्या लेव्याला त्याने छावणीबाहेरही घालवले नाही.

आपल्या मंडळ्यांत काय दिसते? रेल्वेतून, शाळेतून, इस्पितळातून निवृत्त झालेले कित्येक वडीलधारे पंचकमिटीच्या किल्ल्या पंचाहत्तरीतही सोडत नाहीत. (तरुण त्या मागत नाहीत, हेही खरे.) दुसरे कित्येक 'आता आमचे काय उरले' म्हणत मागच्या बाकावर बसतात. पहारा कोणीच करीत नाही! दोन रविवार कोण आले नाही, कोणाच्या मुलीची शाळा सुटली, हे पाहण्यास ज्याला वेळ आहे त्यानेच पाहावे. ८४ वर्षांची विधवा हन्ना मंदिरात उपास व प्रार्थना करीत राहिली, म्हणूनच बाळ येशूला आणले तेव्हा ती तेथे होती.

आता पोटापाण्याचे. पुष्कळ आईबाप फंडाचे पैसे व घर मुलांच्या हवाली करून मोकळे होतात आणि पुढे औषधासाठी हात पसरतात. २००७ च्या कायद्याप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मिळवता येते. तेव्हा ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. यात अविश्वास कसला? वधस्तंभावर असताना प्रभूनेही आपल्या आईची सोय उघड शब्दांत सांगितली.

परंतु ज्यांना घरही नाही, फंडही नाही, त्यांचे काय? लेव्यांना वतन नव्हते, लोकांचा दशमांश हाच त्यांचा वाटा. नहेम्याच्या काळी तो वाटा मिळेनासा झाला, तेव्हा लेवी पोटासाठी शेतावर गेले. नहेम्याने जाब विचारला तो त्यांना नव्हे, अधिकाऱ्यांना. आपल्याकडेही आयुष्यभर खेडोपाडी पायी हिंडलेल्या बायबल स्त्रिया व सुवार्तिक आज एखाद्या खोलीत दिवस काढीत आहेत. त्यांच्यासाठी गेल्या वर्षी आपल्या मंडळीने किती रुपये खर्च केले, हे येत्या वार्षिक सभेत खजिनदारांना विचारा, आणि उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या.