शनीचे भय व देवाचे दान

शास्त्रपाठ : यिर्मया 10:1-5, स्तोत्र 8, मत्तय 10:7-8



पुणे येथे विद्यापीठाच्या आवारात आयुका नावाची खगोलशास्त्राची संस्था आहे. ती 1988 साली स्थापन झाली. दरवर्षी 28 फेब्रुवारीस, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपली दारे सर्व लोकांस खुली करावी असा तिचा परिपाठ आहे. त्या दिवशी विद्वान मंडळी लहानथोरांच्या प्रश्नांस उत्तरे देतात, आणि आकाश निरभ्र असल्यास रात्री दुर्बिणीतून आकाश दाखवितात. त्याबद्दल कोणाकडून एक पैही घेतली जात नाही. दुर्बिणीपुढील रांगेत कोणाची जात विचारीत नाहीत. ज्याची पाळी येईल त्याने पुढे व्हावे, वाकावे व पाहावे, एवढाच तेथील नियम.

आमच्या धुळे जिल्ह्यातील वाचकांस पुणे दूर वाटेल. परंतु या विद्येचे एक जुने घर आपल्या खानदेशातच आहे. चाळीसगावाजवळ पाटण येथे शके 1128 चा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळातील सोइदेवाने त्या मठास दान दिले, असे त्यात कोरले आहे. हे दान केव्हा दिले? श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या समयी, सर्व लोकांच्या समक्ष! आठशे वर्षांपूर्वी याच खानदेशात ग्रहण लागले असता लोक एकत्र जमले आणि विद्येस दान मिळाले. आज मात्र ग्रहण लागले म्हणजे आपण काय करितो? दारे लावून घेतो, आणि गरोदर सुनेस घोटभर पाणीही देत नाही.

ही गोष्ट केवळ शेजाऱ्यांची आहे असे कोणी समजू नये. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे अशा घरांतही शनीचे भय अद्याप वास करिते. बैल मेला, कपाशी बुडाली, मुलीचे लग्न जमेना, म्हणजे कोणी तरी हळूच म्हणतो, साडेसाती लागली असेल. मग रविवारी उपासनेस बसणारा मनुष्य शनिवारी लपूनछपून पत्रिका दाखवावयास जातो, आणि सावकाराचे कर्ज काढून शांती करितो. पीडा होती तेथेच राहते, आणि वर कर्ज मात्र वाढते.

तर हा शनी आहे तरी कोण? तो सूर्याभोवती फिरणारा एक ग्रह आहे. त्याची एक फेरी पुरी होण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे दिसतो. तीन राशींची अडीच-अडीच वर्षे मिळविली की साडेसात होतात. साडेसातीचा हिशेब तो एवढाच! तो चालण्याचा हिशेब आहे, क्रोधाचा नव्हे. 1610 साली गॅलिलिओने प्रथम दुर्बिणीतून त्याजकडे पाहिले, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांस काय आहे हे त्यास उमगले नाही. पुढे हायगेन्स या पंडिताने ती कडी आहेत असे दाखविले. ही कडी बहुतांशी बर्फाच्या असंख्य तुकड्यांची आहेत. लहानशा दुर्बिणीतूनही ती दिसतात, आणि ज्याने ती पाहिली त्याच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघतो, भयाचा नव्हे. तेथून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरण्यास एक तासाहून अधिक वेळ लागतो. इतक्या दूरचा हा गोळा आमच्या साक्री-शिरपुरातील एका गरीब विधवेवर डूख धरून बसला आहे, ही कल्पना कोणी केली?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य व चंद्र यांस देव म्हटले नाही. ते दिवे आहेत, देवाने लाविलेले. आकाशातील चिन्हांस पाहून घाबरून जाऊ नये, असा निरोप यिर्मयाने आपल्या लोकांस दिला. घरधन्याने लाविलेल्या दिव्यास लेकराने का भ्यावे?

येथे एक खूण आम्ही वाचकांपुढे ठेवितो. भय आपली किंमत मागते. देवाचे दान किंमत मागत नाही. ऊन, पाऊस, तारे ही त्याने सर्वांस सारखी दिली. आणि ज्या तारणास आमचे सर्व धन पुरले नसते, तेही ख्रिस्ताच्या ठायी विनामूल्य दिले. म्हणून जो कोणी तुम्हांस आधी भिववितो आणि मग त्या भयावर उतारा विकतो, त्याजपासून सावध राहा. तो पंचांग घेऊन येवो की शास्त्राचे पुस्तक घेऊन येवो! प्रार्थनेचे तेल विकणारा आणि शनीची शांती विकणारा हे दोघे एकाच बाजारातले.

कोणी म्हणेल, दुर्बिणीने देव दिसतो काय? नाही, दिसत नाही. दुर्बीण खोटे भय दूर करील. परंतु रिकाम्या झालेल्या त्या जागी पित्याचा हात आहे हे सुवार्ताच सांगते. स्तोत्रकर्त्याने दुर्बिणीवाचूनच आकाश पाहिले, आणि एवढ्या विस्तारात देव क्षुद्र मनुष्याची आठवण ठेवितो याचे त्यास नवल वाटले. हे नवल ज्याच्या अंतःकरणात शिरले, तेथे साडेसातीस जागा कोठून मिळणार?

म्हणून मंडळीच्या वडिलांनो, चांदण्या स्वच्छ असतील अशा एखाद्या रात्री प्रार्थनेनंतर खळ्यावर सर्वांस बसवा. शाळेचे गुरुजी दुर्बीण आणतील तर उत्तमच. न आणतील तरी डोळे आहेत. शेजाऱ्यांसही बोलवा, आणि त्यांच्या भयाची थट्टा करू नका. कालपर्यंत ते आपलेही होते. पुढील चंद्रग्रहणाच्या वेळी आपल्या घरातील गरोदर स्त्रीस अंगणात खाट टाकून द्या, आणि तिच्या हाती पाण्याचा तांब्या द्या. आपल्याला जे विनामूल्य मिळाले, ते आपणही तसेच द्यावे, अशी आपल्या प्रभूची आज्ञा आहे. ती पाळण्याचे धैर्य तो आपणां सर्वांस देवो. आमेन.