सोयऱ्याचा खर्च



सेलू तालुक्यातल्या घोराडला आपण विदर्भाची प्रतिपंढरी म्हणतो. संत केजाजी महाराजांची समाधी तिथे आहे आणि गावाजवळून बोर नदी वाहते. तिच्या पाण्यात पाय धुऊन आपण देवळाची पायरी चढतो. पण हे पाणी येते कुठून, याचा विचार किती जणांनी केला? वरच्या अंगाला बोरचे जंगल आहे. साग, ऐन, तेंदू, बांबू यांच्या मुळांशी आणि पाचोळ्याखाली पाऊस मुरतो आणि मग थोडाथोडा ओढ्यांना सुटतो. रान उघडे पडले, तर तेच पाणी माती घेऊन घटकाभरात निघून जाईल. म्हणून घोराडच्या तीर्थाचा उगम रानात आहे, हे प्रथम ध्यानात धरावे.

या रानाला 1970 साली अभयारण्याचे संरक्षण मिळाले आणि 2014 साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. क्षेत्र सुमारे 138 चौरस किलोमीटर. तेव्हा देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत ते सर्वांत लहान होते. पुढे आतले नवरगाव हे गाव उठून दुसरीकडे वसायला गेले. आता कोणी म्हणेल, माणूस गेला की रान आपसूक येते. तसे नाही बरं का! सोडलेल्या शेतात आधी तरोटा, गाजरगवत, घाणेरी माजते. ती बी धरण्यापूर्वी उपटावी लागते, वणवा आवरावा लागतो. तेव्हा कुठे पवन्या, मारवेल ही गवते पाय रोवतात. गवतामागे चितळ येते आणि चितळामागे वाघ. मनाचेही असेच आहे. नुसता संसार सोडल्याने भक्ती उगवत नाही, तण उपटावेच लागते.

तुकोबांनी रानातल्या झाडांना सोयरे मानले, हे आपल्याला पाठ आहे. कीर्तनात ते आले की सभा डोलते. पण सोयरीक म्हणजे काय, हे कुणबी जाणतो. सोयरा लग्नात पंगतीला बसतो, तसा अडचणीलाही दारी येतो, आणि त्याचा खर्च सोसावा लागतो. खर्च नाकारून सोयरीक टिकत नाही.

इथे रानाकाठचा शेतकरी उभा राहून विचारतो, “महाराज, रान सोयरं म्हणता, पण रातच्यानं डुकरं येऊन माहा हरभरा उलथून टाकतात, वाघ कळपातली गाय नेते. तुमी कीर्तन करून जाता, जागल आमाले करा लागते!” हा पूर्वपक्ष खरा आहे. प्रमाण देऊन तो उडवून लावू नये. पाणी साऱ्या खोऱ्याने प्यावे आणि नुकसान मात्र कडेच्या चार गावांनी सोसावे, हा न्याय नव्हे.

न्याय चुकला की काय होते ते पाहा. ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण 2017 साली बोरमध्ये सोडली. ती रानाबाहेर पडली, माणसे दगावली, तिला ठार मारण्याचा हुकूम निघाला. पण बंदुकीआधी, त्याच वर्षी ऑक्टोबरात, शेताच्या कुंपणातल्या विजेने तिचा प्राण घेतला. माणसेही गेली, वाघीणही गेली. पिकासाठी तारेत थेट सोडलेली वीज डुक्कर ओळखत नाही, वाघ ओळखत नाही, आणि रात्री पाणी धरायला निघालेला शेजारीही ओळखत नाही.

मग सिद्धांत काय? कालिदासाच्या रघुवंशात राजा दिलीपाची कथा आहे. सिंहाने वसिष्ठांची नंदिनी धरली. हा सिंह पार्वतीने पुत्रवत् वाढवलेल्या देवदाराचा राखणदार होता. जवळ येईल तो प्राणी हाच त्याचा आहार. राजाचा हात बाणावरच खिळला. तेव्हा राजाने सिंहाची भूक खोटी म्हटली नाही, गाईचा हक्कही सोडला नाही. त्याने आपला देह पुढे केला. झाड, सिंह आणि गाय यांच्यामधली किंमत ज्याच्या अंगी सामर्थ्य होते त्याने स्वतःवर घेतली. गुराख्यावर ढकलली नाही. कथेचे मर्म हेच.

आपल्याच जिल्ह्यातल्या पवनारहून 1951 साली विनोबा पायी निघाले आणि पुढे भूदान मागू लागले. ज्याला पाच मुलगे, त्याला ते म्हणत, मला सहावा समज आणि माझा वाटा दे. आज रानही तसाच वाटा मागत आहे. ज्याची शेती मोठी, त्याने ओढ्याकाठचा एक पट्टा नांगराबाहेर ठेवावा; बांधावरचा पळस, बाभूळ, बोर तोडू नये; धुरा पेटवू नये. शेतकऱ्याने तारेत थेट वीज सोडू नये. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो. जनावर पळते, मरत नाही. गाय गेली तर तत्काळ वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई हा हक्क आहे, भीक नव्हे.

आणि आपण खालच्या गावांचे वारकरी? दरवर्षी भंडारे घालतो. त्यातल्या एका पंगतीचा पैसा रानाकाठच्या गावाच्या कुंपणाला द्यावा. हंगामात आठ दिवस पाळीपाळीने टाळकऱ्यांनी तिकडच्या जागलीला जावे. टाळमृदंगाच्या आवाजाने डुकरे शेतापासून दूर राहतील आणि रात्रभर भजनही घडेल! परतताना नदीत पत्रावळी आणि प्लास्टिक टाकू नये, हे काय सांगावे?

पंढरीची वाट चालताना वाटेतल्या गावांनी आपल्याला भाकरी दिली, पाणी दिले, ओसरी दिली. ते ऋण आपण मानतो. रानाने दिलेल्या पाण्याचे ऋणही तसेच मानावे, आणि ते रानाच्या दारात राहणाऱ्या माणसाच्या हाती फेडावे.

॥ रामकृष्णहरि ॥