स्वेच्छेचे वाचन आणि अपेक्षांची चौकट

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले आज इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकत आहेत. अशा काही शाळांत इंग्रजीच्या तासाला एक स्तुत्य प्रथा रुजते आहे. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलाने आपल्या आवडीचे पुस्तक निवडावे, ते आपल्या गतीने वाचावे, त्यावर आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात आणि ते लिखाण वर्गातील इतरांनीही वाचावे, अशी ही योजना. कुठे ते भित्तिपत्रिकेवर लागते, कुठे एकच वही हातोहात फिरते. त्याबरोबर घरी एक कागदही येतो. महिन्याला किती पुस्तके, आठवड्याला किती पाने, टिपण किती ओळींचे, हे सारे त्यावर लिहिलेले असते आणि खाली पालकांच्या सहीसाठी रेघ असते.

या कागदापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. वाचन स्वेच्छेचे असेल, तर हा कागद कशाला? आणि कागद हवाच असेल, तर स्वेच्छा कुठे उरली? हा प्रश्न केवळ शाळेच्या शिस्तीचा नाही. दुसऱ्याच्या अंतःकरणात जे स्वतंत्रपणे उगवावे असे आपल्याला वाटते, त्याची मागणी करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? आईबाप, शिक्षक, धर्मगुरू, ज्यांच्या हाती कोवळ्या मनांची जबाबदारी आहे त्या सर्वांपुढे तो कधी ना कधी उभा राहतोच.

याची दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले असे की, मुलाला मोकळे सोडावे, कसलीच अपेक्षा ठेवू नये. ऐकायला हे उदार वाटते. परंतु ज्या घरात इंग्रजी पुस्तकांचे कपाट आहे आणि जेवतानाही इंग्रजी कानांवर पडते, त्याच घरातील मुलाला हे स्वातंत्र्य लाभदायक ठरते. वसईच्या पट्ट्यात घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे, उपासनेत मराठी ऐकणारे आणि शाळेत इंग्रजी शिकणारे मूल या तिसऱ्या भाषेपर्यंत पोहोचते तेव्हा बरेच दमलेले असते. त्याला ‘तुला हवे ते वाच’ असे सांगून मोकळे होणे म्हणजे रिकाम्या फळीपुढे उभे करून ‘हवे ते घे’ म्हणण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. सारे मोजावे, प्रत्येक पुस्तकाला गुण द्यावेत. येथे काय घडते तेही आपण पाहतो. मूल जाडीला कमी असे पुस्तक निवडते. मलपृष्ठावरील मजकूर टिपण म्हणून उतरवते. आता तर न वाचलेल्या पुस्तकावर नीटनेटके टिपण लिहून देणारी यंत्रेही घराघरांत पोहोचली आहेत. अशा टिपणात व्याकरणाची चूक नसते, मात्र ते लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलेले नसते. शब्द आणि सत्य यांची फारकत झाली तरी चालते, हा धडा त्या मुलाला मिळतो. पुस्तक न वाचल्याने होणाऱ्या हानीपेक्षा ही हानी आम्हांला मोठी वाटते.

या पेचाचा विचार ख्रिस्तसभेला नवा नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात आपल्या शाळकरी दिवसांची चिकित्सा केली आहे. लॅटिन ते दायांच्या लाडिक बोलण्यातून, थट्टामस्करीतून सहज शिकले. ग्रीक मात्र धाक आणि शिक्षेच्या भयाने शिकवली गेली आणि तिच्याविषयी त्यांच्या मनात तिटकारा बसला. मुक्त कुतूहल हे धाकापेक्षा समर्थ शिक्षक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण ते तेथेच थांबत नाहीत. स्वैर वाहणाऱ्या कुतूहलाला शिस्तीचा बांध लागतो आणि हा बांधही परमेश्वराच्या नियमांतच बसतो, असे ते पुढे मान्य करतात. ज्या अक्षरओळखीचा बालपणी कंटाळा केला, तिच्याच बळावर आपण पुढे हवे ते वाचू व लिहू शकलो, याची त्यांना जाणीव होती. थोडक्यात, स्वेच्छा आणि शिस्त यांपैकी एकीची निवड त्यांनी केली नाही. दोघींची जागा कोणती, हा त्यांचा प्रश्न होता. आमचाही तोच आहे.

लोयोलाच्या संत इग्नेशियस यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या वाड्यात त्यांना महिनोन्‌महिने बिछान्यावर पडून राहावे लागले. वेळ जाईना म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरात तसे एकही पुस्तक नव्हते. हाती आले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य असे जवळजवळ नव्हतेच. परंतु त्या पुस्तकांविषयी काय वाटावे हे त्यांना कोणी सांगितले नाही, कोणी परीक्षाही घेतली नाही. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की, दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना गोडी वाटते, पण मागे मन कोरडे राहते. संतांच्या मार्गाने जाण्याची कल्पना केली की मागाहूनही आनंद टिकून राहतो. पुढे ज्याला आपण आध्यात्मिक विवेक म्हणू लागलो, त्याचा उगम एका रुग्णाच्या वाचनात झाला.

त्याच काळात त्यांनी एक वही घातली. वाचलेल्यातील सार ते तीत उतरवून घेत. प्रभू येशूचे शब्द तांबड्या शाईने, पवित्र मरियेचे निळ्या शाईने, असे करीत जवळपास ३०० पाने भरली. ही वही कोणाला दाखवण्यासाठी नव्हती. आपण वाचले याचा तो पुरावा नव्हता, वाचलेले निसटू नये म्हणून केलेली ती साठवण होती. वही पुराव्याचीही असू शकते आणि साठवणीचीही. मुलाकडून आपण यांपैकी कोणती मागतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. आणखी एक गोष्ट या प्रसंगातून दिसते. वाचकाचे स्वातंत्र्य केवळ पुस्तक निवडण्यात नसते. पुस्तकाला आपण जो प्रतिसाद देतो, त्यात ते अधिक असते. निवडीला मर्यादा घालता येते, प्रतिसादाला घालता येत नाही.

आपल्या काळातील एका शिक्षकाचे उदाहरण घेऊ. पुढे पोप फ्रान्सिस झालेले होर्हे बेर्गोलिओ हे १९६४ आणि १९६५ या वर्षांत अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीयांच्या शाळेत वाङ्मय शिकवीत. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. वरच्या दोन इयत्तांना ‘एल सिद’ हे स्पेनचे जुने वीरकाव्य शिकवणे त्यांना भाग होते. मुलांना ते नको होते, त्यांना गार्सिया लोर्का वाचायचा होता. या तरुण शिक्षकाने काय करावे? ‘एल सिद’ त्यांनी रद्द केले नाही, ते घरी वाचावे असे सांगितले. वर्गात मात्र मुलांना प्रिय असलेल्या लेखकांवर चर्चा सुरू केली. आवडीच्या वाटेने मुलांना वाङ्मयाची गोडी लागली आणि मग ती इतर लेखकांकडेही वळली. हा अनुभव त्यांनी १७ जुलै २०२४ रोजीच्या, वाङ्मयाच्या महत्त्वाविषयीच्या पत्रात स्वतः नोंदवला आहे. कर्तव्य आणि आवड या दोघींनाही त्यांनी जागा दिली. फक्त वर्गातला मोलाचा वेळ त्यांनी आवडीला दिला.

याच मुलांना त्यांनी लिहितेही केले. त्यांच्या कथा होर्हे लुइस बोर्हेस यांच्याकडे गेल्या. त्या थोर लेखकाने १९६५ मध्ये सांता फेला येऊन मुलांना मार्गदर्शन केले आणि मुलांच्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहून दिली. बोर्हेस श्रद्धावंत नव्हते, तरी येशूसंघीयांच्या शाळेला त्यांची अडचण वाटली नाही. शिक्षकाच्या लाल शाईपलीकडेही आपल्याला वाचक आहे, हे कळल्यावर त्या मुलांची लेखणी किती जपून आणि किती उमेदीने चालली असेल, याची कल्पना करता येते.

वाचनावरचे टिपण इतरांनी वाचावे या योजनेचे मर्म नेमके हेच आहे. वहीत दडलेला शब्द आणि चारचौघांत ठेवलेला शब्द यांची जबाबदारी सारखी नसते. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा अशा वेळी अगदी व्यावहारिक रूप धारण करते. न वाचलेले वाचले असे म्हणू नये. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून लावू नये. पुस्तकावर कठोर टीका जरूर करावी, पण ते ज्या सोबत्याला आवडले त्याची टवाळी करू नये. घरातील खाजगी गोष्ट फळ्यावर टांगू नये. मुलांकडून इतकी अपेक्षा ठेवणे हा जुलूम नव्हे, ते नागरिकत्वाचे शिक्षण आहे. आणि जी टिपणी मुलाला स्वतःपुरती ठेवावीशी वाटेल, ती तशी ठेवण्याची मुभा त्याला असावी.

अपेक्षा ठेवणाऱ्यावरही बंधन आहे. अमेरिकेतील मेन राज्यात शिकवणाऱ्या नॅन्सी ॲटवेल या शिक्षिकेने १९८७ साली ‘इन द मिडल’ हे पुस्तक लिहून मुलांच्या स्वेच्छेच्या वाचनाचा पाठपुरावा केला. त्यांच्या वर्गाला नियम होते. पुस्तक जवळ हवे, वाचनाच्या तासाला वाचायचेच, दुसरा गृहपाठ करायचा नाही. पण हा वेळ शाळेने दिलेला होता आणि पुस्तक मुलाने निवडलेले होते. वाचलेल्याविषयी मुले पत्रे लिहीत आणि शिक्षिका त्यांना वाचक या नात्याने उत्तरे धाडीत. शाळेने वेळ दिला नाही, पुस्तके पुरवली नाहीत आणि पानांचा हिशेब तेवढा मागितला, तर ती अपेक्षा अन्यायाची ठरते.

शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. त्यातील धन्याने सर्वांना सारखे दिले नव्हते. एकाला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. पाचांचे दहा करणारा आणि दोनांचे चार करणारा, दोघांच्याही वाट्याला सारखीच शाबासकी आली. ज्याने आपले तालांत जमिनीत पुरले, त्याने भयामुळे तसे केले. धनी कठोर आहे अशी त्याची समजूत होती. अपेक्षेचे भय झाले की देणगी पुरली जाते. म्हणून घरी इंग्रजी ऐकलेल्या मुलाची आठ पुस्तके आणि शब्दकोश चाळत एकच पुस्तक पार करणाऱ्या मुलीचे ते एक पुस्तक, यांना एकाच मापाने मोजू नये. तिने पहिला विचार सामवेदीत किंवा मराठीत मांडला आणि मग तो इंग्रजीत नेला, तर त्यात कमीपणा कोणता? इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपली भाषा प्रेमाने आपलीशी करून १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून दिले. परकी भाषा अशी प्रेमानेच आपली होते.

पालकांच्या मनात आणखी एक शंका असते. मोकळीक दिली आणि मुलाने वाईट पुस्तक हाती धरले तर? ही शंका पोकळ नाही. ख्रिस्तसभेनेही रोममधून १५५९ पासून निषिद्ध ग्रंथांची सूची बाळगली. १९६६ मध्ये त्या सूचीचा कायद्याचा अंमल संपला. परंतु घातक पुस्तकांपासून सावध राहण्याचे नैतिक कर्तव्य संपले नाही, ते श्रद्धावंतांच्या सदसद्विवेकबुद्धीकडे सोपवले गेले. मुलाची विवेकबुद्धी घडत असताना तिच्या शेजारी कोणीतरी असावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईबापांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले ते उगाच नव्हे. अजाण वयात काही पुस्तके दूर ठेवावीच लागतात. जसजसे वय वाढते तसतशी मनाईची जागा संवादाने घ्यावी लागते.

तो संवाद कसा असावा, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात दिसते. इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत चालला आहे. फिलिप धावत जवळ जातो आणि वाचलेले समजते काय, असे विचारतो. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे म्हणून तो अधिकारी त्याला वर बोलावतो. फिलिप रथात चढून त्याच्याजवळ बसतो आणि तो जो उतारा वाचीत होता, तेथूनच आरंभ करतो. किती पाने झाली, असे तो विचारीत नाही. हातातले पुस्तक काढून दुसरे देत नाही. निमंत्रण मिळाल्यावर चढतो आणि वाचकाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शिक्षकाला व आईबापांना याहून चांगला आदर्श आम्हांला दिसत नाही.

तेव्हा त्या कागदाविषयी आमचे मत असे. मुलाकडून वेळ मागता येईल, प्रामाणिकपणा मागता येईल, इतरांच्या शब्दांचा आदर मागता येईल आणि हे सारे आरंभीच स्पष्ट सांगणे न्यायाचे होईल. पुस्तक आवडलेच पाहिजे, शिक्षकाशी सहमत झालेच पाहिजे, सोबत्याइतकी संख्या गाठलीच पाहिजे, असे मात्र मागता येणार नाही. ‘मला हे पुस्तक कंटाळवाणे वाटले, मी चाळिसाव्या पानावर सोडले’ असे खरे टिपण शाळेने स्वीकारावे. खोट्या स्तुतीच्या दोन पानांपेक्षा ते एक वाक्य मोलाचे आहे.

आणि राहिली पालकांची सही. कामाच्या गडबडीत न पाहता ती केली जाते. मूलही ते जाणून असते. वाचनाच्या खोट्या नोंदीखाली आईबापांची खरी सही पडते, तेव्हा त्या घरात आठव्या आज्ञेचा धडा उलटा शिकवला जातो. सही करण्यापूर्वी पाच मिनिटे मुलाजवळ बसावे. किती वाचले असे न विचारता काय वाचले ते विचारावे. इंग्रजी येत नसेल तर मराठीत सांगायला लावावे आणि ऐकून घ्यावे. त्या आठवड्यात वाचन झालेच नसेल, तर तसे त्या रेघेवर लिहून खाली सही करावी.