इंजिन का तापते?

शास्त्रभाग: गणना २०:१–१३, १ राजे १९:१–९



अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निघाली. तरी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात अशी जुनी गाडी अजून जपून ठेवलेली असते. गोव्याहून चोरला घाट चढून बेळगावकडे येताना तिचे इंजिन तापते, बॉनेटमधून वाफ निघते, आणि मालक बाटलीभर पाणी घेऊन धावतो. जाणता मेकॅनिक मात्र पाण्याला हात लावण्यापूर्वी विचारतो, “गाडी तापते ती नेमकी केव्हा?”

या एका प्रश्नात निम्मे निदान आहे. सिग्नलपाशी उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर वारा कमी पडतो आहे. पंखा आणि त्याचा पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा अर्ध्या इंचाहून फार अधिक दबला तर तो सैल आहे. चढावर व वेगात तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचला असेल. सुरू करून पाचदहा मिनिटे होतात न होतात तोच तापते, तर थर्मोस्टॅट बंदच राहिला असावा. तो काढून भांड्यातील पाण्यात तापवून पाहतात; बहुधा ८२ अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. पाणी कोठे गळताना दिसत नाही, तरी रोज कमी होते, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ दिसते, तर आतले हेड गॅस्केट गेले असे समजावे. आणि कधी इंजिन धड असते, काटाच खोटा असतो!

आपण माणसाविषयीही ‘डोके तापले’ असेच म्हणतो. पण तो केव्हा तापतो, हे किती जण विचारतात? मंडळीत शांत असणारा गृहस्थ घरी पाऊल टाकताच का भडकतो? कर्जाचा चढ आला की कोणाचा तोल जातो? कोणी सकाळी उठल्यापासूनच का धुमसतो? ‘स्वभावच तसा’ म्हणणे म्हणजे ‘गाडीच तशी’ म्हणून सोडून देणे होय.

गणनाच्या विसाव्या अध्यायात मोशे रागावला. खडकाशी बोलण्याची आज्ञा असता त्याने काठीने दोनदा प्रहार केला. पण अध्यायाचे पहिले वचन वाचा: तेथेच मिर्याम, त्याची बहीण, मरण पावली आणि तिला पुरले. त्या दुःखातून हा राग उपजला असे शास्त्र सांगत नाही. तरी मृत्यू, तहान आणि लोकांची कुरकुर ही सर्व त्याच ठिकाणी त्याच्यावर आली, एवढे आपण विसरू नये. पाणी निघाले, लोक व गुरे प्याली. तथापि मोशे व अहरोन वचनदत्त देशात गेले नाहीत. कारण कळल्याने परिणाम पुसला जात नाही. तापलेले इंजिन तसेच हाकले तर हेड वाकते. मग नुसत्या पाण्याने भागत नाही.

आता एलीयाकडे पाहा. ईजबेलीच्या भयाने पळालेला हा संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला प्रथम उपदेश केला नाही. झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर होरेबावर प्रश्न. रोग ओळखणाऱ्याचा हात असा असतो.

इंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते. झाकण फिरवताच ते उसळून तोंड भाजते. इंजिन बंद करावे आणि चांगले निवेपर्यंत थांबावे. घरातला वादही असाच निवल्यावर बोलावा. मात्र ज्यांना वाफेचा चटका बसतो आहे त्यांना आधी दूर न्यावे. जेथे पत्नीवर वा मुलांवर हात उगारला जातो, तेथे सोसण्याचा उपदेश करू नये. पाळकांना, पंचांना, आणि वेळ पडल्यास पोलिसांनाही कळवावे. अब्रूसाठी झाकलेला राग एखाद्या लेकराचा जीव घेतो.

काही कारागीर थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण क्षार नळ्यांत तसाच राहतो, आणि थंडीत इंजिनाला हवी ती ऊब मिळत नाही. ‘मी आता कोणाशी बोलतच नाही’ म्हणणारा बंधू असाच थंड झालेला असतो, बरा झालेला नसतो. आणि दर रविवारी उपासनेत पाणी भरून घेऊन सोमवारपासून गळणारे आपण, गळती कोठे आहे हे कधी पाहणार?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या दंगेखोर मुलाला बाहेर काढण्यापूर्वी तो केव्हा दंगा करतो ते चार रविवार टिपून ठेवा. उपाशी आला होता का? आदल्या रात्री घरी भांडण झाले होते का? कदाचित त्याला आधी एलीयाची भाकर हवी असेल, धडा नंतर.

या आठवड्यात प्रत्येकाने शांत वेळी, निवलेल्या मनाने, घरच्या एका माणसाला विचारावे: मी केव्हा तापतो? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये.

हे प्रभो, आमचे अंतर्याम तू जाणतोस. गळती कोठे आहे ते आम्हांला दाखव, आणि आमच्या रागाने जे भाजले त्यांना बरे कर. आमेन.