नेहमीचाच मजकूर

मी वकील नाही. तरी अवसरी बुद्रुकमध्ये कुणाला भाडेकरार, विसार पावती, हातउसन्या पैशांचा कागद, वाटपाचा किंवा छोट्या दाव्याचा मसुदा हवा असला, की पुष्कळदा माझंच दार वाजतं. कारण एवढंच, की माझ्या संगणकात तयार नमुने आहेत. नावं, गट नंबर, चतुःसीमा आणि रक्कम बदलली, की काम झालं. मी पैसे घेत नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. हा अभिमान आधी कबूल करायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्या आडोशानं घडत आलंय. फुकट काम करणाऱ्याला घाईबद्दल कोण बोलणार? 'तुमच्यामुळे वकिलाची फी वाचली' हे ऐकायला मला आवडतं. म्हणून समोरच्याचं सांगून संपायच्या आत मी टाइप करायला लागलेलो असतो. त्याचा व्यवहार नमुन्यात बसत नसला, तर नमुना बाजूला ठेवण्याऐवजी मी व्यवहारालाच कात्री लावतो.

मग दोष नमुन्याचा म्हणायचा? तसं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला जोडलेल्या परिशिष्टात दाव्यांचे नमुने खुद्द कायद्यानंच दिले आहेत, आणि ते लागू पडतील तिथे वापरा असंही सांगितलं आहे. नमुना माणसाला विसरू देत नाही. दाव्याला कारण कधी घडलं, हे न्यायालय हा दावा कसा चालवू शकतं, दाव्याचं मूल्यांकन किती, हे तो विचारतो. थोड्या पैशांच्या वादासाठी घोडेगावच्या कोर्टात जाणाऱ्या माणसाला एवढाही आधार नसावा, असं मला वाटत नाही.

पण तो विचारतो, आणि मी उत्तर आयतं भरतो, तिथे काय होतं? दाव्याच्या शेवटी सत्यापन असतं. कोणते परिच्छेद मला स्वतःला माहीत आहेत आणि कोणते ऐकीव माहितीवरून मी खरे मानतो, हे परिच्छेदांचे आकडे देऊन वेगळं सांगावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. माझ्या नमुन्यात एकच ओळ आहे : वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करायला सांगितलं होतं, मी दोन्ही एका ओळीत कालवून टाकतो. सही करणारा ते वाचत नाही. मी वाचलेलं असतं, पण थांबत नाही.

भाडेकरारांचंही तेच. शेजारच्या अवसरी खुर्दला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे आसपास खोल्या भाड्यानं जातात. करार ११ महिन्यांचा, कारण एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जिथे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तिथे कलम ५५ प्रमाणे परवाना करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. पुण्यात फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या गावकऱ्यांना मी तोच कागद दिलाय. हे सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. हे काय उत्तर झालं?

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीनं मिळकतीतला आपला हक्क भावांसाठी सोडल्याचा दस्त. त्याच्या नमुन्यात एक वाक्य ठरलेलं असतं : हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहे. दस्त पुढे दुय्यम निबंधकापुढे नोंदवला जातो, पण हे वाक्य बहिणीच्या तोंडी घालतो कोण? मी. तिला काही विचारण्याआधी. एकदा एकीनं म्हटलं होतं, "दादा, जरा वाचून दाखवता का?" भाऊ बाजूलाच उभे होते, गाडी बाहेर थांबली होती. मी म्हणालो, "आक्का, नेहमीचाच मजकूर आहे." तिनं सही केली.

मी वाचून दाखवलं असतं, तरी तिनं सही केलीच असती. माहेर तुटू नये म्हणून बायका करतात. मग मी बिघडवलं काय? या प्रश्नानं पुष्कळ दिवस माझी सुटका केली. पण मान्य असणं वेगळं आणि समजलेलं असणं वेगळं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि संसदेनं २००५ मध्ये मुलाइतका हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क जन्मानंच मिळतो हे स्पष्ट केलं. एवढी दोन वाक्यं आक्काला सांगायला किती वेळ लागला असता?

आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि त्यांचा सगळा रोख होता कागदांवर. रोखे, खाती, वह्या जाळल्या. १८५९ च्या कायद्यानं वसुलीच्या दाव्याला मुदत घातली होती, म्हणून सावकार व्याज मुद्दलात घालून पुन्हा पुन्हा नवा रोखा करून घेत. कुणब्याची निशाणी झाली, की कोर्टात तो आकडा खरा. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं कोर्टाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायला लावलं आणि शेतकऱ्याचे दस्त ग्राम निबंधकासमोर करण्याची व्यवस्था आणली. हा इतिहास मी सावकारांना नावं ठेवत वाचला. त्या रोख्यांचा मजकूर कुणीतरी लिहिणारा लिहीत असे, आणि त्यालाही तो नेहमीचाच वाटत असेल, हे मला फार उशिरा सुचलं.

हल्ली मी आधी कोऱ्या कागदावर, समोरच्याच्या शब्दांत, झालं काय ते लिहून घेतो. मग नमुना उघडतो. पुष्कळदा नमुन्यातली निम्मी कलमं गळतात आणि त्यात नसलेलं एखादं घालावं लागतं. जमिनीचा प्रश्न असला, की वकिलाकडे जा म्हणतो. हक्कसोड असेल, तर बहिणीशी एकटीशी बोलल्याशिवाय मसुदा देत नाही. काही जण यामुळे चिडून मंचरला जातात, तिथे तासाभरात काम होतं. त्यांना मी थांबवू शकत नाही, आणि मनातून थोडं हलकंही वाटतं. हा हलकेपणा मला संशयास्पद वाटतो.

कारण माझ्याजवळचा हक्कसोडपत्राचा नमुना आलाय कुठून? तो माझ्या घरचा आहे. वडील गेल्यावर माझ्या बहिणींनी तो लिहून दिला, मी नावं पुसून तो इतरांसाठी ठेवला. राजीखुशीने हे वाक्य पहिल्यांदा त्यांच्याच तोंडी घातलं गेलं. त्यांना मी काही विचारलं नव्हतं, आजही विचारलेलं नाही. नोंदवलेला दस्त नुसत्या बोलण्यानं मागे फिरत नाही. जमीन परत द्यायची, तर मला नवं बक्षीसपत्र करावं लागेल, हेही मला माहीत आहे. एवढ्यात मी बहिणींशी बोलणार आहे. त्या 'राहू दे रे' म्हणतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. आणि ती खात्री आहे म्हणूनच मला विचारायचा धीर होतोय का, हे अजून मला स्वतःशी नक्की सांगता येत नाही.