चौथी भाषा कुठे लिहायची?

एप्रिल १९६८मध्ये जमैकातल्या मोना इथे, वेस्ट इंडीज विद्यापीठात, भाषा-अभ्यासकांची एक परिषद भरली. विषय होता परक्या भाषांचे लोक एकत्र राहू लागले की घडणाऱ्या मिश्र भाषांचा. डेल हाइम्स यांनी १९७१ साली या परिषदेचा ग्रंथ संपादित केला आणि त्यातले दोन लेख थेट आपल्या मुलखात येतात. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या घडणीतच आर्य आणि द्राविड भाषिकांचा असा मेळ झाला असावा, असं मांडलं. सगळ्यांना ते पटलं नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा लेख: जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवरचा.

तिथे तेव्हा जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू, बाकीच्यांची मराठी. पिढ्यान् पिढ्या शेजार, तरी कुणी आपली घरची भाषा टाकली नाही. बदलली ती वाक्याची वीण. प्रमाण कन्नडात ‘इदु निम्म मने’ एवढं म्हटलं की झालं; हे तुमचं घर, क्रियापद लागत नाही. कुपवाडचा कन्नडिग मात्र मराठीसारखं शेवटी ‘आहे’च्या अर्थाचं क्रियापद जोडत होता. शब्द घरचे, रचना गावाची. उलट बाजूने, आपलं तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे सगळं कन्नडाच्याच शेजारचं. ‘येतो म्हणून सांगितलं’ यातल्या ‘म्हणून’ची नेमकी जोडी कन्नड वाक्यातही सापडते.

मोनाच्या परिषदेच्या आदल्याच वर्षी, १९६७मध्ये, महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला होता. आयोगाला गावं वाटायची होती, म्हणून गावाची भाषा एकच धरणं भाग होतं. न्याय मागणाऱ्या मराठी माणसाची कळकळ मी जाणतो. आजही महाराष्ट्राच्या दाव्यातल्या ८६५ गावांत बीदर-कलबुर्गीकडची गावं आहेत. पण दाव्याच्या भाषेत बोलता बोलता आपणही तिथल्या माणसाला एकभाषी करून टाकतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

जुना बीदर जिल्हा आठवावा. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूची, घरं मराठी, कन्नड, तेलुगू. १ नोव्हेंबर १९५६ला उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण बीदरसह म्हैसूरला गेले. एका जिल्ह्याची तीन राज्यं झाली, सोयरिकी मात्र राहिल्या. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची पदं मराठीत आहेत, कन्नडात आहेत, हिंदुस्थानीत आहेत. गाणगापुरात भीमा-अमरजेच्या संगमावर कन्नड मुलखात मराठी गुरुचरित्राचं पारायण चालतं. भक्तिकथेत दामाजीपंतांचं सरकारी देणं फेडायला विठ्ठल महार होऊन बीदरला गेला, तेव्हा तो दरबारात कोणत्या भाषेत बोलला असेल, हा प्रश्न ती कथा ऐकताना आपल्याला पडतच नाही. तिथे कुठल्याही भाषेत बोलता येतं, हे कथा गृहीतच धरते.

जनगणनेच्या फॉर्मवर मात्र मातृभाषा एक, येणाऱ्या इतर भाषा जास्तीत जास्त दोन. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी आणि जहिराबादच्या मावशीकडची तेलुगू, असं ज्याचं आयुष्य आहे त्याने चौथी कुठे लिहायची?

आणि शाळा? १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०अ आणलं: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. भालकीच्या मुलाला मराठी वाचता आली नाही, तर ती स्वयंपाकघरापुरती उरेल. त्याला कन्नड नीट आली नाही, तर तो तालुक्याच्या कचेरीत मुका होईल. दोन्ही हव्यात. मराठी शाळेत चांगला कन्नड शिक्षक मागणं हे मराठीशी बेइमानी करणं आहे, असं मी मानत नाही.

पुढची भाषा-परिषद पुण्यात किंवा धारवाडात न भरवता भालकीत भरवावी. मंचावर आधी अभ्यासकांनी नव्हे, अडत्याने बसावं, माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात असलेल्या बाईने बसावं. त्यांना ‘तुमची भाषा कोणती’ असं विचारू नये. हिशेब कोणत्या भाषेत करता, लेकराला रागावता कोणत्या भाषेत, सासूशी कोणती आणि आईशी कोणती, झोपेत बरळता ती कोणती, असं विचारावं आणि मग खाली बसून ऐकत राहावं.