मुक्ताईचा वाटा



गेल्या पौषात श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाताना आमचा एक मुक्काम नाशकास, गंगापूर रोडवर पडला. सोमेश्वराच्या अलीकडे एका माळकऱ्याचे घर आहे, तेथे उतरलो होतो. घर भाविक. तीस वर्षांची वारी, दारात तुळस, आल्यागेल्याच्या पाया पडणारी माणसे. रात्री हरिपाठ झाला, जेवणे झाली, आणि यजमान हळूच जवळ येऊन बसले.

म्हणाले, “महाराज, एक काम होतं. माझी धाकटी बहीण तुमचं ऐकते. तिला चार शब्द सांगा.”

“कशाबद्दल हो?”

“सहीबद्दल. मळ्याचा व्यवहार ठरलाय. थोरलीने सही द्यायचं कबूल केलंय, ही मात्र देत नाही. वारकऱ्याची लेक, गळ्यात माळ, आणि मातीचा एवढा मोह! काय म्हणावं?”

श्रोतेहो, त्या वेळी मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही ते पुढे सांगतो. आधी हा रस्ता कसा आहे ते पाहा.

अशोकस्तंभापासून निघून हा रस्ता गोदामाईच्या कडेने गंगापूर गावाकडे आणि धरणाकडे जातो. सकाळी के.टी.एच.एम. कॉलेजपाशी उभे राहावे, मुलींची रीघ लागलेली दिसते. पुढे धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते स्थापन झाले. चूल सांभाळून, लेकरे निजवून अभ्यास करणाऱ्या किती बाया त्याच्या परीक्षांना बसल्या असतील! महाराष्ट्रात पंचायतींतल्या अर्ध्या जागा २०११ पासून स्त्रियांना राखीव आहेत. (सरपंच बाई आणि खुर्चीत तिचा नवरा, हेही आपण पाहतोच, पण ते असो.) १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग बापाचे, असा सरकारचा नियम झाला. म्हणजे आजची स्त्री शिकली, मिळवती झाली, खुर्चीवर बसली. हे खोटे नाही.

पण त्याच रस्त्यावर मळे जाऊन इमारती उभ्या राहिल्या. जमिनीला सोन्याचा भाव आला. आणि जमीन विकायची म्हटली की सासरी गेलेल्या बहिणीची आठवण येते! एरवी भाऊबीजेला जायला सवड नसते. पण आता गाडी पाठवतात, गोडधोड करतात, साडी नेसवतात, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. मग तलाठ्याकडे फेरफार होतो, सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते. बाई साडीची घडी घेऊन परत जाते.

कायदा काय सांगतो? १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीला हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलासारखीच जन्मतः वाटेकरी झाली. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. हक्क सोडायलाही मोकळीक आहे. ज्याचे आहे त्याने खुशीने सोडावे. पण “सही दिली नाहीस तर माहेर तुटलं समज” असे म्हटल्यावर खुशी उरते कुठे? ज्या बाईला सासरी कधी काही झाले तर माहेरच्या उंबऱ्याशिवाय दुसरा आधार नाही, ती काय करील? ती जमिनीवर पाणी सोडते आणि उंबरा राखते. आपण म्हणतो, “बघा, किती निर्मोही!”

आता त्र्यंबकाकडे चला. ब्रह्मगिरीच्या कुशीत निवृत्तिनाथांची समाधी आहे, तेथे आपण डोके ठेवतो. या चार भावंडांच्या घरी बापाची इस्टेट काय होती? काही नाही. मागे राहिला तो लोकांनी टाकलेला बहिष्कार. इस्टेट एकच, गहिनीनाथांनी थोरल्या निवृत्तीच्या ओंजळीत घातलेली. थोरला भाऊ म्हणून ती सगळी त्यांच्या हाती होती. त्यांनी ती वाटली. ज्ञानोबांना दिली, सोपानकाकांना दिली, आणि मुक्ताईला देताना “ही मुलीची जात, उद्या परक्या घरी जायची” असा हिशेब केला नाही. पुरा वाटा दिला. म्हणून तर एवढी धाकटी पोर, पण ज्ञानोबा रुसून ताटी लावून बसले तेव्हा बाहेर उभी राहून त्यांनाच समजावू शकली. म्हणून तर योगसामर्थ्याचा ताठा असलेले चांगदेव तिच्यापुढे शिष्य होऊन बसले. तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली असती, तर चांगदेवांना गुरू कुठून मिळता?

संतांच्या काळी सगळे आलबेल होते असेही मी म्हणत नाही. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रात नवऱ्याच्या हातचा मार लिहून ठेवला आहे. ती तुकोबांची शिष्या! जनाबाईंनी जन्मभर दुसऱ्याच्या घरचे दळणकांडण केले. पण पंथाने त्यांचा वाटा नाकारला नाही. त्यांचे अभंग आपण पुरुषांच्या अभंगांच्या शेजारी बसवून गातो.

आणि हे फक्त संतांनाच जमते असे कोणी म्हणू नये. याच नाशिक जिल्ह्यात चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करावा. पुष्कळ शेतकऱ्यांनी तो केला. साधी कर्ज काढून शेती करणारी माणसे हो ती, काही साधुसंत नव्हेत.

आता मी त्या रात्री गप्प का राहिलो ते सांगतो. वडील गेले त्या वर्षी मी माझ्या आक्काची सही घेतली होती. कागद मीच लिहवून आणला होता. ती म्हणाली, “कुठं करायची?” मी बोट दाखवले. तिने केली. त्यानंतर किती कीर्तनांत मी विठ्ठलाला आई म्हटले, किती बायांना माउली म्हणून वाकून नमस्कार केला, त्याला गणती नाही. आणि आता त्या यजमानाच्या बहिणीला मी निर्मोहीपणा सांगायचा?

त्र्यंबकाहून परतताना वाकडी वाट करून आक्काच्या घरी गेलो. ती वाकळ शिवीत बसली होती. माझ्या वाट्यातले एक एकर तिच्या नावे करतो म्हणालो. तिने सुई खोचून ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिले.

“दादा, मला रान नको होतं रे. तू मागितलं असतंस तर दिलंच असतं. पण तू मागितलं नाहीस, बोट दाखवलंस.”

मग उठून चहा ठेवला. बक्षीसपत्र चैत्रात नोंदवले. तिच्या थोरल्या सुनेने ते दोनदा वाचून घेतले, ते बरे केले.

गंगापूर रोडच्या यजमानांना मी हे सगळे पत्राने लिहून कळवले आहे. बहिणीला काही सांगणार नाही, सांगायचेच तर तुम्हाला सांगेन, असेही लिहिले. उत्तर अजून आलेले नाही. आषाढीला दिंडीत गाठ पडेल, तेव्हा विचारीन.